पत्र्याच्या डब्यातील तिकिटे : एका घडीवहीच्या कामाच्या नोंदी

23 जून 2024

आईला येत्या ऑक्टोबरात 80 वर्षे 8 महिने पूर्ण होतील. सहस्रचंद्रदर्शनाचा छोटासा समारंभ कोजागिरीनंतरच्या रविवारी, 20 ऑक्टोबरला, डोंबिवलीच्या घरीच करायचे दादाने आणि मी ठरवले. साडी आणि चांदीची वाटी यांपलीकडे काही द्यावे, असा विचार चालू असताना माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवला. आप्पांना जाऊन तीन वर्षे झाली, तरी त्यांच्या प्रवासाच्या कागदांचा हा डबा कोणी उघडला नव्हता.

आज तो उघडून जुन्या चादरीवर सगळे मांडले आणि मोजले. रेल्वेची पुठ्ठ्याची तिकिटे 37, एसटीची 29, लोकलचे मासिक पास 14, विमानतळावरची अभ्यागत प्रवेश तिकिटे 9, लाल कार्बनची विमान तिकीट पुस्तके 3, देवगड ते मुंबई बोटीचे 1, मशीनमधून निघालेली गुळगुळीत कागदाची 6 आणि आप्पांचे 2 पासपोर्ट, असा एकूण 101 नगांचा ऐवज आहे. डब्याच्या तळाशी गंज आहे, चार तिकिटांना कसर लागलेली आहे आणि सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास आहे. कामासाठी हा ऋतू फार वाईट निवडला, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळून चुकले, कारण चादरीवर ठेवलेली पातळ एसटी तिकिटे तासाभरात ओलाव्याने कडेला वळू लागली.

29 जून

काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही, हे ठरवण्यातच आठवडा गेला. जुन्या तिकिटांचे लोक काय काय करतात ते पाहिले. कोणी ती रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, बुडवून चहाच्या कपाखालच्या चकत्या करतो, कोणी फ्रीजवरचे चुंबक, तर कोणी सुटकेसवर फेव्हिकॉलने थेट चिकटवून वर वॉर्निशचा हात मारतो. या वस्तू दिसतात छान, पण त्यांत गेलेले तिकीट पुन्हा बाहेर येत नाही. पुढे रेझिन पिवळे पडले की तिकीटही त्यासोबत गेलेच. वापरायच्या किंवा वाटायच्या वस्तू छायाप्रतींपासून करायच्या आणि मूळ कागद कधीही काढता येईल अशा रीतीने, न चिकटवता ठेवायचा, असा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे.

पासपोर्टांच्या बाबतीत तर कात्री लावण्याचा प्रश्नच नाही. पारपत्र अधिनियम, 1967 याच्या कलम 17 प्रमाणे पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते, धारकाची नव्हे. आप्पांचा पहिला पासपोर्ट नवीन काढताना रद्दचा शिक्का मारून आणि कोपरा कापून परत मिळालेला आहे. दुसरा नुसताच मुदत संपून पडलेला आहे. दोन्ही अखंड राहतील.

6 जुलै

आज एक नुकसान झाले आणि त्याचा दोष माझाच आहे. मशीनमधून निघालेल्या सहा तिकिटांवरची अक्षरे पुसट होत चालली होती, म्हणून त्यांतले एक, आईआप्पांच्या शेवटच्या पंढरपूर वारीचे एसटीचे, स्टेशनजवळच्या एका दुकानात लॅमिनेट करायला दिले. यंत्रातून बाहेर आले ते संपूर्ण काळे. दुकानातल्या मुलाने विचारलेही नाही आणि मीही सांगितले नाही की हा कागद उष्णतेनेच छापला जातो. त्याच्यावरच्या लेपातला रंग उष्णता लागली की काळा पडतो. छापताना फक्त अक्षरांपुरती उष्णता मिळते, लॅमिनेशनमध्ये ती सगळ्या कागदाला मिळते. हाच लेप उजेडाने, घरातल्या उष्म्याने आणि मऊ प्लास्टिकच्या खिशातल्या द्रव्यांनी हळूहळू फिका होत जातो, म्हणजे असे तिकीट अल्बममध्ये जपून ठेवले तरी ते आपल्या पाठीमागे कोरे होत असते.

त्याची प्रतिमा काढलेली नव्हती. उरलेली पाच आज रात्रीच स्कॅन केली.

14 जुलै

स्कॅनिंग पूर्ण झाले. सगळे 600 डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला 600 बिंदू घेऊन, दोन्ही बाजूंनी, टिफ या प्रतिमेचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-स्वरूपात ठेवले आहे. पुठ्ठ्याचे तिकीट साधारण 57 मिलिमीटर लांब आणि 30 मिलिमीटर रुंद असते. त्याची या घनतेवर लांबीत सुमारे 1,350 बिंदूंची प्रतिमा मिळते आणि ती 300 डीपीआयने दुप्पट आकारात छापली तरी अक्षरे फाटत नाहीत. हा आकार आपल्याकडे रेल्वेबरोबरच आला. इंग्लंडमध्ये थॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तराने 1830च्या दशकात क्रमांक घातलेली पुठ्ठ्याची तिकिटे काढली, कारण हाताने लिहिलेल्या पावत्यांत हिशेब लागत नव्हता. संगणकाच्या काळापर्यंत आपल्या खिडक्यांवर तीच ठोकून दिली जात होती.

खिडकीवरच्या त्या यंत्रात तिकीट सरकवले की तारीख दाबली जाई आणि तो खट्ट आवाज माझ्या वयाच्या कोणालाही आठवेल. अडचण अशी की शाई उडून गेल्याने स्कॅनमध्ये निम्म्या तारखा दिसतच नाहीत. मात्र दाब राहिलेला असतो. खोलीतला दिवा घालवून विजेरी तिकिटाच्या अगदी कडेने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरली, तर त्या तिरप्या उजेडात आकड्यांच्या सावल्या उभ्या राहतात. भाचीने मोबाइलवर असे फोटो घेतले आणि 37 पैकी 33 तिकिटांच्या तारखा लागल्या. एसटीच्या तिकिटांवर तारीखच नाही, नुसती कंडक्टरच्या पंचाची भोके आहेत. त्यांवरून टप्पा कळतो, साल कळत नाही.

15 जुलै

काल तारखांच्या नादात एक गोष्ट लक्षात आली नाही. पुठ्ठ्याच्या 37 तिकिटांपैकी 22 प्लॅटफॉर्म तिकिटे आहेत.

21 जुलै

इतकी प्लॅटफॉर्म तिकिटे कशी, ते आईला विचारले. ती निवडत असलेली भाजी न थांबवता म्हणाली, "अगं, तो डबा आप्पांचा कुठला? त्यांची तिकिटं टीसी घ्यायचा ना काढून. ही माझी."

उत्तर इतके साधे होते की मला स्वतःचीच लाज वाटली. प्रवास संपला की स्टेशनच्या फाटकावर तिकीट द्यावे लागे, म्हणून खरोखर वापरलेले पुठ्ठ्याचे तिकीट घरी येणे हाच अपवाद. आप्पा फिटर होते. 1970च्या दशकात वीज केंद्रांच्या उभारणीच्या कामांवर कोराडी, भुसावळ असे महिनोन्‌महिने जात. कंपनीच्या खर्चाने केलेल्या प्रवासाची तिकिटे उरलीच तर बिलाला जोडली जात. ज्या माणसाने प्रवास केला त्याच्याकडे काही राहिले नाही. जी बोरीबंदरला पोचवायला आणि आणायला गेली, तिची प्लॅटफॉर्म तिकिटे पर्समध्ये राहिली आणि पर्समधून डब्यात गेली. विमानतळावरची नऊ तिकिटेही तशीच. आप्पा 1984 ते 1989 मस्कतला होते आणि सहार विमानतळाच्या इमारतीत पोचवायला आलेल्यांना पैसे भरून आत जाता येत असे.

उरलेल्या 15 पुठ्ठ्यांपैकी दोन दादर ते कोल्हापूरची आहेत, तीही न केलेल्या प्रवासाची. दादाला गोवर आला आणि अंबाबाईचे दर्शन राहिले, असे आईने सांगितले. बाकीची कशी सुटली ते तिलाही आठवत नाही.

म्हणजे आप्पांच्या प्रवासाचे स्मृतिचिन्ह करायला घेतलेल्या डब्यात मुख्यत्वे न गेलेल्या माणसाची कागदपत्रे आहेत. चौकटीत मधोमध पासपोर्टाचे चित्र आणि भोवती तिकिटांचे तोरण, ही माझी मूळ कल्पना त्यामुळे बाद झाली.

28 जुलै

नवा आराखडा असा आहे. एक लांब, पंख्यासारख्या घड्या घातलेली घडीवही करायची. ती उलगडली की एका बाजूला जाणाऱ्याचा प्रवास दिसेल आणि उलटवली की त्याच घडीच्या पाठीवर त्याच दिवसाचे पोचवणाऱ्याचे तिकीट. समोर मस्कतच्या प्रवासाचा पासपोर्टावरचा शिक्का असेल, तर मागे विमानतळाचे अभ्यागत तिकीट. कोराडीच्या बाजूला आप्पांचे तिकीट नाही, म्हणून समोरचा खिसा रिकामाच राहील. तिथे आई तिच्या हाताने एक ओळ लिहील.

सुरुवात मात्र एकाच तिकिटाने, दोन्ही बाजूंनी मिळून. एप्रिल 1965 मध्ये लग्नानंतर आई पहिल्यांदा देवगडहून मुंबईला आली ते बोटीचे डेकचे तिकीट. बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राहायची. पडावातून तिच्यापर्यंत जायचे आणि हेलकाव्यात शिडी पकडायची. पावसाळ्यात बोटी बंद असत, म्हणून लग्ने त्याआधी उरकण्याची घाई. त्या दिवशी दोघेही प्रवासी होते. भाऊच्या धक्क्यावर तिकीट का घेतले गेले नाही याचे आईचे उत्तर असे की तिला इतकी बोट लागली होती की त्यांना कोणी अडवलेच नाही.

4 ऑगस्ट

कागद आला. दादाने पुण्याच्या शिवाजीनगरमधील हातकागद संस्थेतून सुती चिंध्यांपासून केलेला जाड कागद आणला. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन नावाचे लाकडातले द्रव्य असते, ते उजेडाने पिवळे पडते आणि कागदात आम्ल वाढते. जुन्या अल्बमची काळी पाने शेजारच्या फोटोंना डागतात त्यामागे असेच काहीसे कारण असते. चिंध्यांच्या कागदात ही कटकट नाही.

आता चिकटवायला काय घ्यायचे? मूळ तिकिटे चिकटवायची नाहीत, पण पानांचे सांधे, खिसे आणि कसर लागलेल्या चार तिकिटांच्या मागची पातळ कागदाची ठिगळे यांना काहीतरी हवे. सेलोटेप नकोच, तिच्या गोंदाचे तपकिरी डाग आमच्या शाळेच्या दाखल्यांवर आजही आहेत. फेव्हिकॉल सुकला की पाण्याने सुटत नाही. जुने बाइंडर मैद्याची खळ करत आणि किडीला आळा बसावा म्हणून तिच्यात मोरचूद घालत. किडीपुरते ते ठीक, पण तांब्याचा क्षार कागदाला आतून कमजोर करतो, म्हणून मोरचूद टाळायचे. संग्रहालयांतले कागद-दुरुस्तीचे तज्ज्ञ गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पुढे कधीही पाण्याने हलकेच सोडवता येते.

गव्हाचे शुद्ध स्टार्च विकत कुठे मिळेल, हे मी मोबाइलवर शोधत होते. आईने डोकावून विचारले, "म्हणजे कुरडयांचा चीकच की."

11 ऑगस्ट

चीक काढला. अर्धा किलो गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदलले, वाटून कोंडा गाळून काढला आणि दूध रात्रभर निवळत ठेवले. सकाळी वरचे पाणी ओतून दिल्यावर तळाशी पांढराशुभ्र थर बसलेला होता. कुरडयांसाठी इथेच थांबतात. आम्ही मात्र त्यात पुन्हा स्वच्छ पाणी घालून, ढवळून, निवळवून असे चार वेळा धुतले, कारण भिजवताना गहू आंबतो आणि तो आंबटपणा कागदात जाऊ द्यायचा नव्हता. पावसाळी हवेत वास इतका पसरला की शेजारच्या काकू विचारायला आल्या आणि श्रावणात कुरडया कोण घालते, असे म्हणून गेल्या.

मीठ आणि हिंग न घालता, एक भाग चीक आणि पाच भाग पाणी या प्रमाणात मंद आचेवर वीस मिनिटे घोटले. आधी दुधासारखे, मग दाट, मग एकाएकी काचेसारखे पारदर्शक होते. थांबायची वेळ आईला हाताने कळते, मला नाही. गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळले. ही खळ फ्रीजमध्ये पाच-सहा दिवसच टिकते, म्हणून उरलेला चीक वाळवून ठेवला आहे आणि लागेल तशी थोडी खळ करायची आहे.

कसर लागलेली चार तिकिटे दुरुस्त झाली. पुठ्ठ्याचे तिकीट म्हणजे एकावर एक चिकटवलेले पदर असतात आणि ओल लागली की ते सुटतात, म्हणून खळ अगदी कोरडी, ब्रशला जेमतेम लागेल इतकीच घेतली आणि टिपकागदात घालून वर इस्त्रीचा थंड लोखंडी ठोकळा ठेवला.

25 ऑगस्ट

पहिली घडीवही फसली. वीस घड्यांची कोरी वही बंद केल्यावर सपाट होती, पण तिकिटे घालताच तिचा जबडा उघडला तो मिटेना. हिशेब सोपा होता आणि मी तो केला नव्हता. पुठ्ठ्याचे एकेक तिकीट पाऊण मिलिमीटरहून जाड, ती दोन्ही बाजूंना मिळून तीस-पस्तीस झाली की बाहेरच्या कडेला अडीच-तीन सेंटिमीटर वाढतात आणि घडीच्या सांध्याला काहीच वाढत नाही. आता प्रत्येक सांध्यात त्याच कागदाच्या दुमडलेल्या पट्ट्या घालून तिथेही तेवढीच जाडी आणायची आहे. शिवाय तिकिटे सगळ्या पानांवर एकाच उंचीवर न ठेवता वर-खाली केली, तर एकावर एक चढणार नाहीत. पूर्ण वही नव्याने करावी लागेल. गणपती 7 सप्टेंबरला आहेत, तोवर काम बंद.

22 सप्टेंबर

पितृपक्षात नवीन काही करू नये म्हणतात. हे जुनेच काम आहे, असे म्हणून पुढे चालू ठेवले.

दुसरी वही नीट मिटते. तिकिटांचे चारही कोपरे पानात कापलेल्या तिरक्या खाचांत अडकवले आहेत. विमान तिकिटांच्या पुस्तकांची अडचण वेगळी निघाली. त्यांच्या पानांमागे लाल कार्बनचा लेप असतो आणि चाळीस वर्षांनंतरही तो बोटाला लागतो. त्यांच्या प्रत्येक पानामध्ये बटर पेपर घालून ती पाकिटात ठेवली आणि वहीत त्यांची प्रत लावली.

पासपोर्टाच्या प्रतींबाबत दोन निर्णय घेतले. माहितीचे पान घ्यायचेच नाही, फक्त शिक्क्यांची पाने घ्यायची आणि तीही दीडपट मोठी, कागदाच्या एकाच बाजूला छापायची, म्हणजे कोणालाही खऱ्यासारखे काही हाती लागणार नाही. मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षकाचा, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांना मंजुरी देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा, परवानगीचा शिक्का, बँकेने किती परकीय चलन दिले त्याची नोंद, मस्कतचा निवास व्हिसा, सगळे हाताने भरलेले. मुलांच्या पानावर दादाचे आणि माझे नाव आहे. आम्ही मस्कतला कधीच गेलो नाही, हे पान पाहून मला 40 वर्षांनी कळले की निदान कागदावर तरी तयारी होती. त्या पानाची प्रत जन्मतारखा झाकून पोचवणाऱ्यांच्या बाजूला लावली.

दादाच्या अलीकडच्या प्रवासांचे दोन बोर्डिंग पास वहिनीने कौतुकाने पाठवले होते. त्यांच्यावरच्या ठिपक्यांच्या पट्टीत नाव, आरक्षण क्रमांक आणि असेल तर विमान कंपनीचा सदस्य क्रमांकही असतो आणि मोबाइलवरच्या साध्या ॲपला हे सगळे वाचता येते. ते पास वहीत घेतले नाहीत. विषयही वेगळा होता.

6 ऑक्टोबर

वाटायच्या भेटी दोन दिवसांत झाल्या. देवगडच्या बोटीच्या तिकिटाची दुप्पट आकाराची प्रत जाड कागदावर छापून, वर भोक पाडून दोरी ओवली की पुस्तकात ठेवायची खूण तयार. 60 केल्या.

आकाशकंदिलाने मात्र दमवले. शिक्क्यांची पाने ट्रेसिंग पेपरवर छापून नेहमीच्या काड्यांच्या सांगाड्यावर लावायची, म्हणजे दिवा लागला की शिक्के उजळतील, अशी भाचीची कल्पना. घरच्या इंकजेटवर छापलेल्या पानांना ओली खळ लागताच निळ्या शिक्क्यांचे ओघळ झाले. दुकानातून लेझर प्रिंट आणल्यावर काम जमले, कारण त्यात शाई नसते, भुकटी वितळवून बसवलेली असते. आत तीन वॅटचा एलईडी आहे. साधा बल्ब त्या कागदाला सोसला नसता.

19 ऑक्टोबर

कोऱ्या खिशांतल्या ओळी आईने लिहून दिल्या. ती मोठे काही लिहील अशी माझी अपेक्षा होती. तिने लिहिले आहे : "कोराडी. डबा दिला होता, शिरा." "भुसावळ. गाडी दीड तास उशिरा." "कोराडी. मी गेले नाही, ताप." पंढरपूरच्या काळ्या पडलेल्या तिकिटाला वहीत जागा ठेवावी का, हे मला ठरवता येत नव्हते. तिने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने तारीख आणि दोन सीटचे नंबर लिहिले. सीटचे नंबर तिला कसे आठवतात ते मी विचारले नाही. तिकीट शेवटच्या पानावर, पुन्हा दोन्ही बाजूंचे मिळून, पाठ वर करून लावले.

22 ऑक्टोबर

समारंभ पार पडला. वही हातोहात फिरली आणि कडेला हळदीचे एक बोट लागले, ते तसेच राहू दिले. वही आता सुती कापडाच्या पिशवीत, पुठ्ठ्याच्या पेटीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह कपाटाच्या मधल्या फळीवर राहील. डांबरगोळ्या नाहीत, पत्र्याचा डबा नाही. पुड्या दर महिन्याला बदलायच्या आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी.

आज सकाळी आई वही उघडून बसली होती. मस्कतची विमाने मध्यरात्रीनंतर सुटत, म्हणून अभ्यागत तिकिटावरची तारीख शिक्क्याच्या एक दिवस आधीची असते, हे मी मोठ्या अभ्यासाने लक्षात घेतले होते आणि साल पुसलेले एक तिकीट त्या हिशेबाने 1986च्या पानावर बसवले होते. आईने ते खाचांतून अलगद काढले आणि 1988च्या पानावर, तेथील तिकिटाच्या शेजारी धरले. "हे आणायला गेले तेव्हाचं. जायच्या वेळचं नव्हे. इथे अजून एक खाच पाड," असे सांगून तिने तिकीट माझ्या हातात दिले आणि ती कात्री आणायला उठली.